लांबच्या वाटेची तयारी

पनवेलहून रोह्याकडे जाणारी आगगाडी पेण, कासू, नागोठणे ही स्थानके मागे टाकून निडीला येते. निडी हे रायगड जिल्ह्यातील एक लहानसे स्थानक. गाडी क्षणभर थांबते, चार माणसे उतरतात, चार चढतात आणि गाडी रोह्याकडे निघून जाते. मोठ्या नकाशात हे नाव सहसा सापडत नाही. परंतु लहान गावातून लांबच्या वाटा निघत नाहीत, असे मात्र कोणी समजू नये. निडीहून रोह्यावरून कोलाडला गेले की मुंबई–गोवा महामार्ग लागतो. हा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६६ होय. पनवेलला सुरू झालेला हा रस्ता महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक व केरळ ही राज्ये ओलांडून तमिळनाडूत कन्याकुमारीला संपतो. म्हणजे निडीच्या माणसाने घर सोडून कोलाडचा फाटा गाठला की देशाच्या दक्षिण टोकाला पोहोचविणारा रस्ता त्याच्या पायाखाली येतो.

लांबच्या प्रवासाची या भागाला ओळख नाही असेही नाही. पेण तालुक्यातील वरसई गावचे विष्णुभट गोडसे १८५७ साली आपल्या काकांबरोबर उत्तर हिंदुस्थानात जावयास निघाले. घरी कर्ज होते आणि उत्तरेत यज्ञाच्या निमित्ताने चांगली दक्षिणा मिळेल अशी आशा होती. परंतु वाटेत बंडाचा वणवा पेटला. झाशीला वेढा पडला तेव्हा गोडसे भटजी झाशीतच होते. मिळविलेले द्रव्य लुटले गेले. मृत्यू अनेकदा जवळून गेला. तरी गंगेची कावड घेऊन ते वरसईला आईवडिलांकडे परत आले. या प्रवासाची हकीकत त्यांनी पुढे लिहून काढली, व ‘माझा प्रवास’ या नावाने ती १९०७ साली प्रसिद्ध झाली.

पुढे १९२३ साली मुंबईचे सहा पारशी तरुण सायकलींवरून जगप्रवासास निघाले. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला व रुस्तम भूमगरा हे तिघे पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून १९२८ साली मुंबईस परतले. सहा निघाले आणि तिघांनी प्रवास पुरा केला, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. लांबच्या वाटेवर उत्साह सर्वांपाशी असतो. परंतु उत्साहाने पहिला दिवस पार पडतो. पुढचे दिवस पार पडण्यास दुसरे काही लागते. ते दुसरे काही कोणते, हे पाहण्यासाठी निडीच्याच एका घराची कल्पना करू.

या घराच्या पडवीत एक जुनी बुलेट मोटारसायकल उभी आहे. ती १९७० सालची. घरातील आजोबांनी तरुणपणी ती वापरलेली घेतली, आणि भाताच्या खरेदी-विक्रीसाठी पेण, रोहा, माणगाव हा मुलूख तिच्यावरून पालथा घातला. नोकरीला लागलेला त्यांचा नातू एके दिवशी म्हणाला, “आजोबा, या गाडीवरून मी देशाच्या टोकापर्यंत जाणार. मी लडाखला जाईन म्हणतो.”

आजोबांनी त्याला थांबविले नाही. त्यांनी एक कोरी वही त्याच्या हाती दिली आणि म्हटले, “जा की. पण अगोदर या वहीतून जाऊन ये.”

नातवाला प्रथम या बोलण्याचा अर्थ कळला नाही. परंतु वहीचे पहिले पान लिहिताना तो कळू लागला. पहिल्या पानावर त्याने गाडीची माहिती लिहिली. बुलेट ही मूळची इंग्लंडमधील गाडी. भारतीय सैन्याच्या पसंतीस ती उतरली. १९५५ साली मद्रासला, म्हणजे आजच्या चेन्नईला, एन्फिल्ड इंडिया या कंपनीची स्थापना झाली आणि तेथे ती तयार होऊ लागली. आरंभी सुटे भाग इंग्लंडहून येत. पुढे ते येथेच होऊ लागले. कालांतराने इंग्लंडमधील मूळ कारखाना बंद पडला, परंतु मद्रासचा चालू राहिला. म्हणूनच या जुन्या गाडीचे बरेचसे भाग आजही मिळू शकतात. जुन्या यंत्रावर विसंबून घराबाहेर पडणाऱ्यास ही फार मोठी सोय आहे.

तिच्या इंजिनाला एकच सिलिंडर असतो. त्याचा व्यास ७० मिलिमीटर, आणि आतील दट्ट्याची वरखाली होणारी चाल ९० मिलिमीटर. त्रिज्या साडेतीन सेंटिमीटर व उंची नऊ सेंटिमीटर असलेल्या वृत्तचितीचे घनफळ काढले, तर ते सुमारे ३४६ घनसेंटिमीटर येते. या गाडीला ‘साडेतीनशेची बुलेट’ म्हणतात ते यामुळेच. एवढ्याशा जागेत पेट्रोल व हवा यांच्या मिश्रणाचा स्फोट होतो आणि त्या स्फोटाच्या जोरावर माणूस, सामान व स्वतः गाडी असा सारा भार पुढे ढकलला जातो.

येथेच लडाखचा विचार मागे पडला. लडाखमधील खारदुंगला ही खिंड समुद्रसपाटीपासून पाच हजार मीटरांहून अधिक उंचीवर आहे. तेथे हवा विरळ असते. सपाटीवर जितकी हवा एका श्वासात मिळते, तिच्या जवळजवळ निम्मीच तेथे मिळते. माणसाला धाप लागते, तशीच इंजिनालाही लागते. नव्या गाड्यांत किती हवेला किती पेट्रोल द्यावयाचे हे यंत्र स्वतःच मोजून ठरवते. जुन्या गाडीतील कार्ब्युरेटरला ते कळत नाही. हवा कमी झाली तरी पेट्रोल जवळपास पूर्वीच्याच मानाने येत राहते. मग ते नीट जळत नाही, प्लगवर काजळी धरते आणि ऐन चढावर जोर कमी पडतो. जाणकार माणूस कार्ब्युरेटरचा जेट बदलून व वाटेत प्लग साफ करून अशी गाडी नेतोही. परंतु ज्याने आजवर प्लगही खोलून पाहिलेला नाही, त्याने आपला पहिला प्रवास तेथे करू नये.

“म्हणजे माझी गाडी कमी पडते,” नातू काहीसा हिरमुसून म्हणाला.

“गाडी कमी पडत नाही,” आजोबा म्हणाले. “तिच्याकडून काय मागावं, हे आपल्याला कळायला हवं. बैलालासुद्धा त्याच्या ताकदीबाहेरचं ओझं घालत नाहीत.”

मग कन्याकुमारी ठरली. हा रस्ता बहुतेक किनाऱ्याच्या बाजूने जातो. कशेडी, परशुराम यांसारखे घाट वाटेत आहेत, पण हिमालयातील खिंडींची उंची नाही. वस्ती दाट आहे, पेट्रोल मिळते, दुरुस्ती करणारी माणसे भेटतात.

दुसरे पान ऋतूंचे. दिवाळी झाली, भात कापून घरात आले की निघावे, असा नातवाचा बेत होता. नकाशा व भूगोलाचे पुस्तक घेऊन बसल्यावर त्यातील चूक उघडकीस आली. महाराष्ट्रातून नैर्ऋत्य मोसमी पाऊस ऑक्टोबरात परततो हे खरे. परंतु त्याच सुमारास दक्षिणेकडे ईशान्य मोसमी पाऊस सुरू होतो, आणि डिसेंबरपर्यंत तमिळनाडू व केरळ या राज्यांत सरी येत राहतात. निडीला आकाश निरभ्र असले, तरी कन्याकुमारीला तेव्हा पाऊस पडत असू शकतो. तेव्हा योग्य काळ जानेवारीचा. शेतात वालाच्या शेंगा भरतात आणि रात्री पोपटीची मडकी लागतात, त्या थंडीच्या दिवसांत निघावे असे ठरले.

पावसाचा विचार का करावयाचा, हे वहीच्या त्याच पानावर तीन ओळींत लिहिलेले होते. जुलै १९८६ मध्ये पणजी येथील मांडवी नदीवरील पूल कोसळला. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाड येथील सावित्री नदीवरील जुना पूल पुरात वाहून गेला आणि त्याबरोबर एस.टी.च्या दोन गाड्या व त्यांतील माणसे नाहीशी झाली. ७ ऑगस्ट २०२४ रोजी कारवार येथील काळी नदीवरील जुना पूल कोसळला. तिन्ही ठिकाणे याच रस्त्यावरची. तिन्ही घटना पावसाळ्यातल्या. महाडला २०१७ साली नवा पूल झाला व वाहतूक पूर्ववत सुरू झाली. तरीही सह्याद्रीतून उतरून समुद्राला मिळणाऱ्या नद्या पावसाळ्यात किती वेगाने फुगतात, हे त्या ओळी वाचणाऱ्याने विसरू नये. प्रवाशाचे धैर्य नदीला ठाऊक नसते.

तिसरे पान अंतराचे. निडीहून कन्याकुमारी सुमारे साडेपंधराशे किलोमीटर. नव्या गाडीवरून हे अंतर तीन-चार दिवसांत तोडणारे लोक आहेत. नातवानेही प्रथम दिवसाला चारशे किलोमीटर धरले. आजोबांनी त्याला विचारले, “ताशी किती वेगाने जाशील?” तो म्हणाला, “पन्नास.” मग दोघांनी मिळून हिशेब केला. ताशी पन्नास हा काटा दाखवितो तो वेग. गावे, वळणे, घाट, चहा, पेट्रोल व विश्रांती धरली की सरासरी वेग ताशी पस्तीसच्या वर जात नाही. चारशे किलोमीटरला मग अकरा तासांहून अधिक लागतील. जुन्या गाडीला सहा व्होल्टची वीज असते आणि तिच्या दिव्याचा उजेड मंद पडतो. म्हणून सूर्यास्तापूर्वी मुक्काम गाठलाच पाहिजे. सकाळी आठाला निघून दुपारी एकपर्यंत थांबावयाचे, म्हणजे ऊन टळते, आणि काही बिघडलेच तर दुरुस्तीला सारी दुपार हाताशी राहते. पाच तासांत दीडशे किलोमीटर सहज होतात. दिवसाला १५५ किलोमीटर धरले की दहा दिवस. त्यांत विश्रांतीचे तीन दिवस मिळवून जाण्यास तेरा दिवस ठरले.

पेट्रोलचा हिशेब अंदाजाने केला नाही. नातवाने टाकी काठोकाठ भरली, नेहमीच्या रस्त्यांवरून गाडी चालविली, मग टाकी पुन्हा भरून किती लिटर बसले ते पाहिले. लिटरला ३१ किलोमीटर पडले. १,५५० किलोमीटरला ५० लिटर. जाऊन-येऊन १०० लिटर. पेट्रोलचे दर बदलत असतात, म्हणून वहीत आधी लिटर लिहिले व रुपये नंतर. एकूण खर्चाच्या चौथाईइतकी रक्कम निराळ्या पाकिटात ठेवावी, आणि काही अडल्याखेरीज ते पाकीट उघडू नये, असे ठरले. पेट्रोलविषयी आणखी एक नोंद झाली. आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. जुन्या गाडीच्या रबरी नळ्या व वायसर त्यासाठी केलेले नसतात. ते फुगतात किंवा चिरतात. म्हणून पेट्रोलची नळी नवी घातली.

चौथे पान कागदपत्रांचे. मोटारसायकल चालविण्याचा परवाना वयाची अठरा वर्षे पूर्ण झाल्यावरच मिळतो. गाडीचे नोंदणीपत्र पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी, तपासणी करून, नवे करून घ्यावे लागते. आजोबांनी ते वेळच्या वेळी केलेले होते. पन्नास वर्षांहून जुन्या गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून निराळी नोंदणी करण्याची सोय सरकारने २०२१ साली केली आहे. परंतु अशी नोंदणी केलेली गाडी प्रदर्शन, शर्यतीवजा फेरी वगैरे कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते. नेहमीच्या वापरासाठी नव्हे. म्हणून जुनीच नोंदणी कायम ठेवली. त्याखेरीज विमा व धूर तपासणीचा दाखला यांच्या प्रती दोन ठिकाणी ठेवल्या.

यानंतर नातवाची खरी शाळा सुरू झाली. ती पडवीत भरत असे. या गाडीचा गिअर उजव्या पायाशी आणि ब्रेक डाव्या पायाशी असतो. आजच्या गाड्यांच्या अगदी उलट. घाबरलेल्या क्षणी पाय जुन्या सवयीनेच हलतो. तेव्हा नवी सवय पक्की होईपर्यंत त्याने गावाबाहेर गाडी नेऊ नये, असा आजोबांचा नियम होता. किक मारण्यापूर्वी डीकॉम्प्रेशरची कळ दाबून इंजिनातील दाब सोडावयाचा, दट्ट्या योग्य जागी आणावयाचा आणि मग पायाचे सारे वजन किकवर टाकावयाचे. नुसत्या ताकदीने लाथा मारणाऱ्याच्या घोट्याला किक उलटून लागते.

पुढे तो प्लग काढून साफ करावयास शिकला, पॉइंटमधील फट मोजावयास शिकला, क्लचची केबल बदलू लागला, चेन ताणू लागला. शेवटी पंक्चर. आजोबांनी चाकातली हवा सोडली आणि घड्याळ हातात घेऊन ते पायरीवर बसले. पहिल्या वेळी नातवाला दोन तास लागले व ट्यूब पान्याने चिमटली गेली. सहाव्या वेळी पाऊण तासात काम झाले.

सामान बांधताना तोच विवेक हवा. त्याने सुटे भाग मोजकेच घेतले: दोन प्लग, एक पॉइंटचा संच, कंडेन्सर, क्लच व अॅक्सिलरेटरच्या केबली, चेनची कडी, एक ट्यूब, पंक्चरचे सामान, हातपंप, पाने, तार आणि तेलाचा डबा. कपडे दोन जोड. औषधांची डबी, पाण्याची बाटली, विजेरी. मोबाइल होताच, परंतु सहा व्होल्टच्या गाडीवर तो सहजी चार्ज होत नाही, म्हणून कागदी नकाशाही घेतला. जड वस्तू खाली व मध्ये, हलक्या वस्तू वर. डोक्याला आय.एस.आय. खुणेचे हेल्मेट.

सर्व तयारी झाल्यावरही आजोबांनी निघावयाची परवानगी दिली नाही. “एक दिवस पूर्ण सामान लादून महाडला जा आणि परत ये,” ते म्हणाले. निडी ते महाड जाऊन-येऊन सुमारे दीडशे किलोमीटर; म्हणजे प्रवासातील एका दिवसाएवढी मजल.

तो गेला. महाडला सावित्रीच्या नव्या पुलावर त्याने गाडी कडेला घेतली. हिवाळ्यातील नदी शांत वाहत होती. या पाण्याने एका रात्रीत काय केले, हे वहीत लिहिताना त्याला जितके कळले नव्हते तितके तेथे कळले. परतताना माणगावच्या पुढे गाडी एकाएकी बंद पडली. त्याने घाई केली नाही. प्रथम पेट्रोल पाहिले, ते होते. मग प्लग काढून ठिणगी पाहिली, ती नव्हती. मग तारेच्या मागे मागे तो गेला. कंपनांनी एक स्क्रू ढिला होऊन तार सुटली होती. ती बसवून, स्क्रू आवळून तो पुढे निघाला. एकूण वीस मिनिटे गेली.

घरी येताच आजोबांनी विचारले, “गाडी काय म्हणाली?”

नातवाने वही उघडून दाखविली. त्यात लिहिले होते: रोज सकाळी सर्व नट-स्क्रू तपासणे. मागचे ओझे तीन किलोने कमी करणे. पुढचा ब्रेक उशिरा लागतो. मधले अंतर अधिक ठेवणे. दर तासाला दहा मिनिटे गाडी व स्वतः, दोघांनीही थांबणे.

आजोबा हसले व म्हणाले, “आता तुम्ही दोघं एकमेकांशी बोलायला लागलात.”

मात्र घरातील एका माणसाचा होकार अजून यावयाचा होता. आई या बेताविषयी आरंभापासून काही बोलली नव्हती. एका रात्री तिने वही मागून घेतली. नकाशा, पेट्रोल, सुटे भाग ही पाने तिने भराभर उलटली आणि शेवटच्या पानाशी ती थांबली. त्या पानाला ‘परत फिरण्याचे नियम’ असे नाव होते. अंधार पडल्यावर गाडी चालवावयाची नाही. पुलावर पाणी असेल तर थांबावयाचे. दुसऱ्याने ओलांडला म्हणून आपण ओलांडावयाचा नाही. अंगात ताप असेल तर त्या दिवशी निघावयाचे नाही. रोज मुक्कामी पोहोचताच घरी फोन करावयाचा. ब्रेकमध्ये किंवा इंजिनात मोठा बिघाड झाला तर हट्ट न करता परतावयाचे.

“आणि परतायचं कसं?” आईने विचारले.

उत्तर घराच्या समोरच होते. १९९८ साली पूर्ण सुरू झालेली कोकण रेल्वे रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत जाते. म्हणजे अर्ध्याहून अधिक वाटेवर महामार्गाच्या सोबतीला लोहमार्ग आहे. त्यापुढेही केरळात किनाऱ्याच्या बाजूने रेल्वे आहेच. पेट्रोल काढून टाकून, नीट बांधून दिलेली मोटारसायकल मोठ्या स्थानकावरील पार्सल कचेरीत सामान म्हणून घेतात. गाडी रेल्वेत घालावयाची आणि आपण तिकीट काढून घरी यावयाचे.

“आणि लोक हसले तर?”

“हसू देत, आई. गाडी नीट करून पुढच्या वर्षी पुन्हा जाईन.”

आईने वही मिटून त्याच्या हाती दिली. “हे पान लिहिलंस म्हणून जा,” एवढेच ती म्हणाली.

जानेवारीतील एका सकाळी तो निघेल. रत्नागिरी, सिंधुदुर्ग व गोवा मागे पडतील. कर्नाटकात मरवंते येथे रस्त्याच्या एका अंगास समुद्र व दुसऱ्या अंगास सौपर्णिका नदी त्याला भेटेल. कण्णूर, कोळिकोड, कोची, कोल्लम, तिरुवनंतपुरम या नगरांतून तो जाईल, आणि जेथे रस्ता संपतो तेथे समुद्रातील खडकावर उभे असलेले विवेकानंद स्मारक त्याला दिसेल. ते स्मारक उभे करण्याची धुरा अमरावती जिल्ह्यात जन्मलेल्या एकनाथ रानडे यांनी वाहिली. वाटेत अडचणी पुष्कळ आल्या. तेव्हा त्यांनी संसदेच्या ३२३ सदस्यांच्या सह्या स्मारकाच्या बाजूने मिळविल्या, देशभरातील सामान्य लोकांकडून लहान लहान देणग्या जमविल्या आणि १९७० साली स्मारक पूर्ण झाले. खडकावरील मंदिरदेखील प्रथम कोणाच्या तरी कागदावरच उभे राहिलेले असते.

कदाचित तो कन्याकुमारीला पोहोचेल. कदाचित गाडी रेल्वेत घालून मधूनच परतेल. त्याची तयारी दोन्हींसाठी झालेली आहे. गोडसे भटजींना पुढे कोणते संकट आहे हे कळण्याचा मार्ग नव्हता. आजच्या प्रवाशाला ऋतू, रस्ता, यंत्र व स्वतःची शक्ती यांविषयी पुष्कळ काही आधी कळू शकते. जे कळू शकते ते कळून घ्यावे, आणि जे कळू शकत नाही त्यासाठी वेळ, पैसा व मनाचा मोकळेपणा थोडा राखून ठेवावा. नियोजन म्हणतात ते हेच. धाडस आणि अविचार यांत फार थोडे अंतर असते. ते अंतर घर सोडण्यापूर्वीच ओलांडावयाचे असते.

अभ्यास

१. ‘अगोदर या वहीतून जाऊन ये,’ या आजोबांच्या बोलण्याचा अर्थ स्पष्ट करा.
२. नातवाने लडाखचा बेत का सोडला? कारणे तुमच्या शब्दांत लिहा.
३. दिवाळीनंतर लगेच निघण्यात कोणती चूक होती? नकाशाच्या आधारे सांगा.
४. आईने वहीतील कोणत्या पानावरून परवानगी दिली? तेच पान तिला महत्त्वाचे का वाटले असावे?
५. तुमच्या गावाहून शंभर किलोमीटरवरील एका ठिकाणी सहल न्यावयाची आहे. अंतर, वेळ, खर्च, ऋतू व ‘परत फिरण्याचे नियम’ यांची पाने असलेली वही तयार करा.